ओहोटी लिहायची राहून गेली

श्रीवर्धनात पंपाची मोटर जळली की बागाईतदार आधी देवाचं नाव घेतो आणि मग मुश्ताकचं. ऐन उन्हाळ्यात सुपारीच्या वाडीचं शिंपण चुकलं तर काय होतं, हे ज्याची वाडी आहे त्यालाच कळतं. त्यामुळे बाजारातल्या त्या अरुंद दुकानात, नाकावर चष्मा ओघळलेला, तांब्याच्या तारेचे वेढे भरत बसलेला मुश्ताक हा गावात मोठ्या मानाचा माणूस आहे. पण याच माणसाने एक बेट उभं केलंय आणि त्यावर पार चंद्रपूरकडची माणसं घरं बांधून राहताहेत, असं कुणी सांगितलं तर गाव म्हणेल, आखातातून आला तेव्हाच आम्हाला शंका आली होती, ऊन बाधलंय बिचाऱ्याला.

बेट आहे ते खेळातलं. खेळ असा, की टेबलाभोवती पाच-सहा माणसं बसतात. त्यांतला एक सूत्रधार. तो सांगतो, तुम्ही बंदरात उतरलात, समोर जकातीची चौकी आहे, चौकीदार झोपेचं सोंग घेऊन पडलाय, बोला, काय करता? बाकीचे एकेक पात्र होऊन उत्तर देतात. कुणी नावाडी, कुणी वैदू, कुणी पळून आलेला सरदार. बेत जमला की फसला हे फासे ठरवतात. त्यात हरणं-जिंकणं नाही, पट नाही, सोंगट्या नाहीत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की ही घोडी एवढी मोठी होऊन भातुकली खेळताहेत, आणि ते अगदीच चूक नाही.

मुश्ताकचं टोळकं ज्या जगात खेळतं त्याचं नाव सप्तखाडी. पुण्याच्या मृणालीने ते मराठीत तयार केलं. सात खाड्यांचा नकाशा काढला, आणि दर वर्षी ती दोन-तीन पातळ पुस्तकं छापते, प्रत्येकात एक मोहीम. आता यातली गोम अशी, की तुमच्या टेबलावर जे घडतं ते तुमच्यापुरतं. पण मोहिमेच्या पुस्तकात जे छापून येतं ते साऱ्या टेबलांना लागू. पहिल्याच पुस्तकात मृणालीने तिसऱ्या खाडीवरचा पूल जाळला. ज्यांनी ती मोहीम खेळलीच नव्हती त्यांच्याही जगातून पूल गेला. मग माणसं पलीकडे जाणार कशी? तर सांगलीच्या टेबलावर कुणीतरी एक भांडकुदळ होडीवाली काढली. ती इतकी आवडली की पुढच्या पुस्तकात मृणालीने तिला छापून टाकलं, आणि आज तिथे होडीवाल्यांची अख्खी पेठ वसली आहे. खेळणाऱ्यांत त्यावरून म्हणच पडली: छापलं ते घडलं.

मुश्ताकला हा नाद आखातात लागला. एका बंदराच्या वर्कशॉपात तो इलेक्ट्रिशियन होता, राहायला कंपनीचा कॅम्प. वीसेक वर्षं काढली. त्या वर्षांबद्दल कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "पोट भरलं. बाकी गेली वाया." खोलीत कपाट दिलेलं असूनही त्याचे कपडे बॅगेत असायचे, बॅग खाटेखाली, तिला कुलूप. पुढची सुट्टी कधी, हे एकच ध्यान. शेजारच्या खाटेवर रोमेल नावाचा फिलिपिनो क्रेनवाला होता. त्याने दाराबाहेर रंगाच्या रिकाम्या डब्यात पुदिना लावला होता. मुश्ताक त्याची टर उडवायचा, "आपण इथून जाणारी माणसं, तुझा पुदिना काय उंट खाणार?" रोमेल शांतपणे म्हणायचा, जाईपर्यंत चहा तर प्यायचाय ना.

शुक्रवारी हाच रोमेल फासे काढायचा आणि कॅम्पातल्या खिचडी हिंदीत गोष्ट सुरू करायचा. मुश्ताक पहिल्यांदा बसला तो खेळासाठी नव्हे, रोमेलच्या खाटेकडे एसीचा वारा बरा लागायचा म्हणून. पण बसला तो बसलाच.

गावी परतल्यावर त्याने दुकानाच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं. खेळायला येणाऱ्यांत सगळ्यात तिखट प्राप्ती. जीवना बंदरावरच्या होडीवाल्या घरातली, नोकरी पतसंस्थेत, आणि जीभ अशी की कोयता परवडला. मृणालीने टेबलांकडून मोहिमा मागवल्या तेव्हा, "चाचा, तुम्ही लिवा, न्हायतर आम्हाला रोज ऐकवू नका," असं म्हणून तिनेच त्याला लिहायला बसवलं.

त्याने लिहिलं काळबेट. बंदराची हरवलेली घंटा त्या बेटावर आहे. पात्रं निघतात तेव्हा वाळूची वाट उघडी असते, त्या वाटेने ती चालत बेटावर जातात. ती घंटा उचलतात, आणि तिथे मुश्ताकने मोठ्या झोकात वाक्य टाकलं, "मागे वळून पाहता, तर वाट पाण्याखाली गेलेली असते." भाग संपला. त्याच्या मते ही फक्त एक धडकी होती. पात्रांनी घाबरावं, खडकावर बसावं, पाणी ओसरलं की घंटा घेऊन घरी यावं. पण 'पाणी ओसरेल' हे पुस्तकात कुठेच नव्हतं. भरती-ओहोटी हे शब्दच नव्हते. असतील कशाला? भात शिजवताना पाणी घाला, असं कुणी कुणाला सांगतं का? मृणालीचं माहेर मुरुडचं, तिलाही काही खटकलं नाही. पुस्तक छापून गेलं.

काशीद, मुरुड, दापोली, सगळ्या किनाऱ्यावर मोहीम छान चालली. पात्रांनी खडकावर बसून भाकरी खाल्ली आणि ओहोटीला घरचा रस्ता धरला. आणि मग एके दिवशी टेबलांच्या ग्रुपवर एक नकाशा येऊन पडला. पाठवणारा शिवदास, चंद्रपूरकडच्या नागभीड तालुक्यातला, भातगिरणीत कामाला. नकाशात काळबेटावर पाच घरं होती, भाताचं शेत होतं, एक लहानसं तळं होतं आणि वर नाव लिहिलं होतं, मुक्कामवाडी.

झालं होतं असं, की शिवदासच्या टेबलाने त्या वाक्याचा सरळ अर्थ घेतला. घंटा उचलली म्हणून समुद्र कोपला आणि वाट कायमची बुडाली. जादूटोण्याच्या खेळात याहून वेगळं काय समजणार? त्यांनी घंटा परत ठेवून पाहिली, पाणी हललं नाही. तराफा बांधला, फाशांनी तो बुडवला. मग त्यांनी कंबरा कसल्या. ती सारी तलावांच्या मुलखातली माणसं, त्यांनी पावसाचं पाणी धरायला आधी बोडी खणली. बोडी म्हणजे त्यांच्याकडचं शेतातलं छोटं तळं. समुद्रातल्या बेटावर भात पिकवायचं कोकणातल्या माणसाच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नसतं, ते त्यांनी पिकवलं. एक लग्न लावलं, एक पाळणा बांधला. नकाशा बघून गोंदियाच्या टेबलाने आपलीही पात्रं तिथे वस्तीला पाठवली, मग लातूरच्या. बघता बघता घाटापलीकडच्या साऱ्या सप्तखाडीत मुक्कामवाडी हे नांदतं गाव झालं.

प्राप्तीने नकाशा बघितला आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "चाचा, अवो ओहोटीची वाट बघायची सोडून ही माणसं भात लावत बसली!" मग थांबून म्हणाली, "पण तुम्ही ओहोटी लिवायला कसे विसरलात? समुद्राच्या तोंडाशी दुकान हाय तुमचं."

मुश्ताकचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी बंदरावरच्या चहावाल्यानेही विचारलं, "काय चाचा, आज ओहोटी हाय ना?" तेव्हा त्याला कळलं की प्राप्तीने बातमी घरपोच केली आहे.

पाठोपाठ मृणालीचा फोन. काळबेटची नवी आवृत्ती निघायची होती. "मुश्ताकभाई, माझ्याकडे दोन जगं झाली आहेत. किनाऱ्यावर घंटा बंदरात आहे आणि बेट ओसाड. घाटापलीकडे त्याच बेटावर गाव आहे. दोन्ही तर छापता येत नाहीत. तुम्ही एक ओळ घातलीत, की पाणी सहा तासांत ओसरतं, तर प्रश्न मिटला. पण मग मुक्कामवाडी कधी झालीच नाही, असं होईल. मोहीम तुमची, शब्द तुमचा."

"एक ओळ घालतो," मुश्ताक म्हणाला. त्यात विचार करण्यासारखं त्याला काही दिसलं नाही. मोटर उलटी फिरत असेल तर तारा बदलायच्या, संपलं. ती ओळ त्याने लिहूनही टाकली. फक्त पाठवण्याआधी शिवदासला सांगणं बरं, म्हणून फोन लावला, तर तो तोंड उघडायच्या आतच शिवदास म्हणाला, "मुश्ताकभाऊ, आमी तुमच्याकडं येऊन राह्यलो जी! समुद्र पाहाले. पूर्ण टेबल येऊन राह्यलं." त्या आनंदावर पाणी ओतायला मुश्ताकची जीभ रेटेना. आल्यावर सांगू, म्हणून त्याने फोन ठेवला.

"आल्यावर जेवायच्या आधी सांगू नका म्हणजे झालं," अतिया म्हणाली. अतिया त्याची बायको. तो आखातात होता तेव्हा तिने त्यांची लेक लाइबा एकटीने वाढवली, लग्न करून दिलं, आणि घरामागे सुपारीची रोपं लावली, ती आता डोक्याच्या पार वर गेलीत. "पाहुण्याला उपाशीपोटी वाईट सांगू नये."

ते चौघं आले. शिवदास, एक किराणावाला, एक ट्रॅक्टर चालवणारा, आणि कुंदाताई नावाची अंगणवाडीताई, जी खेळात मुक्कामवाडीची पाटलीण होती. आल्या आल्या त्यांना समुद्र हवा. अमावास्येच्या पाठचे दिवस, उधाणाची भरती. दुपारचं पाणी पार वर, बंधाऱ्याच्या दगडांशी येऊन धडकत होतं. चौघं लहान पोरांसारखी त्यात उभी राहिली. कुंदाताईंनी पाणी चाखून तोंड वाकडं केलं आणि खदखदून हसल्या.

घरी अतियाने तांदळाची भाकरी, पापलेटचं सालन आणि सांदणं केली होती. शिवदास बोडीतल्या माशांवर वाढलेला माणूस, त्याने सालन तीनदा मागून घेतलं. जेवताना गोष्ट एकच, मुक्कामवाडी. यंदा बोडी भरून वाहिली, पाटलिणीने दुसरी खणायचं ठरवलंय, गोंदियाच्या पात्रांशी बांधावरून भांडण लागलंय. मुश्ताक मान हलवत पाहुण्यांना आणखी भाकरी वाढत राहिला. अतिया त्याच्याकडे बघत होती.

संध्याकाळी मुश्ताक पाहुण्यांना घेऊन पुन्हा किनाऱ्यावर आला, आणि शिवदास जागच्या जागी थांबला. दुपारी जिथे तो गुडघाभर पाण्यात उभा होता तिथे ओली वाळू पसरलेली होती. पोरं क्रिकेट खेळत होती. समुद्र लांब, पार लांब.

"पाणी कुठं गेलं जी?"

"ओहोटी," मुश्ताक म्हणाला. "ओसरलं. दिवसातून दोनदा वर येतं आणि दोनदा जातं."

"शाळेत शिकलो होतो," शिवदास हळूच म्हणाला. "पण इतकं जाते हे काही ठाऊक नोयतं. मले वाटे, असंन बोटभर." मग तो वाळूतून चालत गेला, थेट पाण्यापर्यंत, आणि परत आला. आल्यावर त्याने मुश्ताककडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलंय हे मुश्ताकला दिसलं. "म्हणजे काळबेटावरून आमी त्याच दिवशी घरी जाऊ शकत होतो."

"व्हय," मुश्ताक म्हणाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी लिवायला विसरलो. आमच्या इथं ते कुणाला सांगावं लागत न्हाय, म्हणून डोक्यातच आलं न्हाय. चूक माझी. आता नवीन पुस्तकात एक ओळ घालायचं चाललंय. ती छापली तर तुमची मुक्कामवाडी..."

किराणावाल्याने मान खाली घातली. ट्रॅक्टरवाला नुसताच समुद्राकडे बघत राहिला. शिवदास म्हणाला, "तुमची मोहीम हाये भाऊ. तुमी ठरवा." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

बोलल्या त्या कुंदाताई. त्या चपला हातात घेऊन ओल्या वाळूत उभ्या होत्या. "बरं झालं विसरले तुमी," त्या म्हणाल्या. "सांगितलं असतं तं आमी काय केलं असतं? बसलो असतो पाण्याकडं तोंड करून. आता जाईन, मंग जाईन. बोडी कोणं खणली असती? लग्न कोणं लावलं असतं? वापस जाची आशा नोयती, म्हणून तं आमी एकमेकांकडं पाह्यलं."

पाण्याकडे तोंड करून बसणं म्हणजे काय, हे त्या किनाऱ्यावर त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याला ती खाटेखालची बॅग आठवली, तिचं कुलूप आठवलं. वीस वर्षं तो खडकावर बसून होता. आणि त्याच खोलीत, दोन हातांवर, रोमेल रंगाच्या डब्यात बोडी खणत होता. त्याने या बाईच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. एवढंच म्हणाला, "ताई, तुमचे लई उपकार झाले." कुंदाताईंना वाटलं, जेवणानंतरची ही कोकणी रीत असेल. त्यांनी हसून नमस्कार केला.

त्याच संध्याकाळी, पाहुणे ओसरीवर चहा पीत असताना, त्याने मृणालीला फोन लावला. "ती सहा तासांची ओळ विसर. ही लिव. 'काळबेटाची वाट दिवसातून दोनदा उघडते. मुक्कामवाडीच्या माणसांना ते आता ठाऊक आहे. ज्याला जायचं तो जातो. बाकीचे बोडीवर पाणी भरायला जातात.'"

पलीकडे मृणालीने ओळ लिहून घेतली. "म्हणजे ओहोटीही खरी आणि गावही खरं."

"छापलं ते घडलं," मुश्ताक म्हणाला. "आणि घंटेचं काय ते तू बघ. एक बंदरात असू दे, एक बेटावर. घंटा दोन असायला काय कायदा आड येतो?"

ओसरीवर शिवदासने ते ऐकलं आणि कपातला चहा सांडून उठला. पुढचा अर्धा तास कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. प्राप्तीला खबर लागली तशी ती धावत आली, मुक्कामवाडीच्या पाटलिणीला खाली बसवून म्हणाली, "भात लावलात ते ठीक हाय, पण बेटावर राहून मासे कसे पकडायचे न्हाय शिकलात? थांबा, मी येते वस्तीला," आणि तिथल्या तिथे नवीन पात्र लिहायला घेतलं. जी सगळ्यात जास्त हसली होती, तीच किनाऱ्यावरून मुक्कामवाडीत राहायला गेलेली पहिली.

पाहुणे गेल्यानंतरच्या शुक्रवारी मुश्ताकने रोमेलला फोन लावला. रोमेल आता त्याच्या गावी असतो, नातवंडं आहेत. दोघांची तीच जुनी खिचडी भाषा. मुश्ताकने बेटाची सारी हकिगत सांगितली, आणि मग जे सांगायला फोन केला होता ते सांगितलं. "भाई, मी लोकांना सांगत फिरलो की ती वर्षं वाया गेली. खोटं होतं ते. तू गोष्ट सांगायचास, आम्ही खेळायचो, हसायचो. तिथं जगलास तो तू एकटा. मी नुसता बॅगेवर बसून होतो. तुझ्या पुदिन्याला हसलो, त्याची माफी. आणि खेळ शिकवलास, त्याबद्दल शुक्रिया. आजवर म्हटलं न्हवतं."

रोमेल मोठ्याने हसला. "बॅगेवर बसून? मी दोन-दोन महिने सुट्टीवर घरी जायचो, तेव्हा त्या पुदिन्याला पाणी कोण घालत होतं?"

मुश्ताकने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू," रोमेल म्हणाला. "एकदा मी आलो तर तू डबा बदलून मोठा लावला होतास. खाली भोकं पाडलीस, ड्रिल मशिनने. आणि दर शुक्रवारी चहात सगळ्यात जास्त पानं कोण टाकायचा, ते सगळ्या कॅम्पाला विचार."

फोन ठेवल्यावर मुश्ताक बराच वेळ दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. ड्रिल मशिन त्याला आठवलं. भोकं आठवली. उन्हात डबा तापू नये म्हणून आपण तो ओल्या गोणपाटाने गुंडाळायचो, हेही आठवलं, जे रोमेललाही ठाऊक नव्हतं. तोही तिथे राहिला होता. लिहायचं तेवढं राहून गेलं होतं.

घरी आल्यावर त्याने अतियाला हाक मारली. "रंगाचा रिकामा डबा हाय का गं घरात?"

"अख्खी वाडी पडलीय मागं, लाइबाचे अब्बा," अतिया आतून म्हणाली. "डब्यात काय लावणार?"

"पुदिना."

ती दारात आली, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता माळ्यावर डबा शोधायला गेली.